यंत्रनिर्मित पक्षिगान आणि विरोधलय
अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग यांची ‘मशीन ऑग्युरीज’ ही ध्वनिप्रकाशकृती २०१९ साली लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये मांडली गेली. पहाटेप्रमाणे उजळत जाणाऱ्या दालनात खऱ्या पक्ष्यांच्या स्वरांना कृत्रिम स्वर उत्तर देतात व हळूहळू सारे पक्षिगान कृत्रिम होते. ते घडविणाऱ्या संगणकीय रचनेचा एक घटक ध्वनी निर्मितो, दुसरा तो अस्सल की नक्कल हे ताडतो. परीक्षकही यंत्रच, हे ध्यानात घ्यावे. या शिक्षणक्रमाच्या निरनिराळ्या अवस्थांतील नमुने कृतीत योजिल्यामुळे आरंभीचे अपुरे, अडखळते स्वरही ऐकू येतात. कृतीचे खरे सामर्थ्य, आमच्या मते, तेथेच आहे. मर्ढेकरांच्या परिभाषेत ती विरोधलय होय. पुढे अनुकृती साधते आणि संवादलय प्रस्थापित होते. एरवी समाधान देणारी ही परिणती येथे अस्वस्थ करते. कारण हा संवाद साधतो तो बोलणाऱ्या दोहोंपैकी एकाच्या लोपाने. शहरी गोंगाटात काही पक्षी आपला स्वर चढवितात, पण तो जोडीदारासाठी, हद्दीसाठी. यंत्राच्या स्वराला यांपैकी काहीच नको असते. केवळ रूपाच्या कसोटीला मात्र दोन्ही स्वर सारखेच उतरतात, आणि मर्ढेकरी सौंदर्यविचाराची अडचण येथूनच सुरू होते.