उलथापालथ, परीक्षा आणि पेणचं महाविद्यालय

ही व्याख्यानं ऐकणाऱ्यांत आणि नंतर वाचणाऱ्यांत शिक्षक आणि पालक पुष्कळ आहेत, तेव्हा आजचा विषय कोणालाच परका नाही. आज आपल्याला एका शब्दाची झडती घ्यायची आहे. ‘डिसरप्शन’. मराठीत आपण उलथापालथ म्हणू. कुठल्याही शैक्षणिक परिषदेत जा, पहिल्या दहा मिनिटांत हा शब्द कानावर पडतो. महाविद्यालयांनी बदलावं, नाहीतर ती संपतील, असं बजावलं जातं. बदलावं हे आपल्याला मान्यच आहे. पण काय बदलायचं आणि कोणी, हे या शब्दातून कळतं का? आमच्या मते नाही कळत. उलट तोच प्रश्न झाकला जातो.

आधी शब्दाचं कूळ पाहू. हार्वर्डच्या क्लेटन ख्रिस्टेन्सन यांनी १९९७ च्या पुस्तकातून हा सिद्धांत गाजवला. संगणकाच्या डिस्क बनवणाऱ्या आणि पोलाद गाळणाऱ्या कंपन्यांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं, की स्वस्त आणि सुरुवातीला कमी प्रतीचा माल खालच्या बाजारात शिरतो, हळूहळू सुधारतो आणि मातब्बरांना उठवून लावतो. २०११ मध्ये हेन्री आयरिंग यांच्यासोबत त्यांनी हेच विद्यापीठांना लावलं. अमेरिकेतली निम्मी महाविद्यालयं दहा-पंधरा वर्षांत बुडतील, असंही ते सांगत. २०१२ च्या सुमारास इंटरनेटवरच्या मोफत अभ्यासक्रमांची लाट आली, तेव्हा अनेकांना ते पटलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. काही लहान महाविद्यालयं बंद पडली, हे खरं. निम्मी मात्र बुडाली नाहीत.

का नाही बुडाली? आमच्या दृष्टीने चूक पायातच आहे. गिऱ्हाईक दुकानात येतं तेव्हा त्याला काय हवं ते साधारण ठाऊक असतं. विद्यार्थ्याचं तसं नाही. काय हवं असावं, हेच तो शिकायला येतो. तीन वर्षांनी तो बाहेर पडतो तेव्हा त्याची पसंती बदललेली असते, आणि ती बदलली नसेल तर शिक्षण झालंच नाही. ज्याची आवडच घडायची आहे त्याच्या आजच्या आवडीवरून संस्थेची किंमत कशी करणार? तेव्हा डिस्कचा न्याय वर्गाला लागू होत नाही.

पण थांबा. एवढ्यावर आपण खूश होऊ नये. आपली महाविद्यालयं टिकली ती वर्गात काही अमोल घडतं म्हणून, की पदवी देण्याचा अधिकार कायद्याने दुसऱ्या कोणाला नाही म्हणून? प्रामाणिक उत्तर बोचरं आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभं राहिलं, आणि तो नमुना शिकवणाऱ्या विद्यापीठाचा नव्हता, परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाचा होता. शिकवायचं महाविद्यालयाने, तपासायचं विद्यापीठाने. लंडनने १८९८ च्या कायद्यानंतर स्वतःला शिकवणारं विद्यापीठ करून घेतलं. आपल्याकडे संलग्नतेची ती घडी बरीचशी चालूच राहिली. आज पेण-रोह्याच्या महाविद्यालयात काय शिकवायचं हे मुंबईतल्या अभ्यास मंडळात ठरतं. शिकवणारा एक, ठरवणारा दुसरा, तपासणारा तिसरा. बदल आला की कोणी जागं व्हायचं?

याचं उदाहरण फार लांबचं नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरवलं, तेही एका दमात, सगळ्या शाखांना. ४७७ परीक्षा, सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. लोक म्हणाले, तंत्रज्ञान फसलं. आम्हाला तसं वाटत नाही. पडद्यावर तपासणं जगात होतं, नीट होतं. पण इथे यंत्र नवं आलं आणि हुकूम देण्याची रीत जुनीच राहिली. आधी एका शाखेत करून पाहू, हा साधा शहाणपणा चालला नाही. आणि भुर्दंड कोणाला? पुढच्या प्रवेशाची तारीख निघून चाललेल्या मुलाला. मुंबईतला मुलगा निदान विद्यापीठात चकरा मारू शकत होता. रोह्याच्या मुलीला एका चकरेसाठी दिवस घालवावा लागतो.

आता २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅट-जीपीटी आलं. सगळीकडे ओरड झाली, की मुलं प्रकल्प यंत्राकडून लिहून घेतात. अहो, त्याआधी काय होत होतं? झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळत होते. नाव बदलायचं, बाइंडिंग करायचं, गुण घ्यायचे. यंत्राने काही मोडलं नाही. मोडलेलं होतं ते उघडं पाडलं. ज्या प्रश्नाचं उत्तर कुठेही सारखंच असतं, तो प्रश्न यंत्राच्या घशात जाणारच. मग ज्याचं उत्तर इथेच शोधावं लागेल असा प्रश्न कोणता?

पेणला त्याची वाण नाही. गणपतीच्या मूर्ती घ्या. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत वर्षभर काम चालतं. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्तींविरुद्ध सूचना काढल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, जून २०२५ मध्ये मूर्ती घडवायला मोकळीक मिळाली, पण विसर्जनावर अटी राहिल्या. उलथापालथ म्हणतात ती ही! रसायनशास्त्राला शाडू आणि पीओपी पाण्यात कसे वागतात ते आहे. वाणिज्यला मूर्तीचा खरा खर्च आणि मजुरी आहे. राज्यशास्त्राला न्यायालय, मंडळ आणि कारागीर यांचं नातं आहे. त्याच राज्यशास्त्राला सप्टेंबर २००८ आहे: सेझसाठी जमीन द्यायची की नाही, यावर पेण तालुक्यातल्या बावीस गावांत मतदान झालं होतं. आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून जमिनीचा प्रश्न पुन्हा दारात आहेच.

कोणी म्हणेल, नव्या धोरणात क्षेत्रप्रकल्प आहेत, प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक आहेत, मग अडतंय कुठे? जागा आहे, हे आपण मान्य करू. पण ती भरणार कोण? अनेक महाविद्यालयांत शिकवणारे तरुण तासिका तत्त्वावर आहेत. तासाला पैसे, दर वर्षी नव्याने नेमणूक. जो जूनमध्ये असेल की नाही हे मार्चमध्ये सांगता येत नाही, त्याने मूर्तिकारांच्या तीन हंगामांचा अभ्यास कसा लावावा? बदलाला तोंड द्यायला लवचिक संस्था हवी असं म्हणतात आणि त्यासाठी माणसं हंगामी करतात. आमच्या मते नेमकं उलट आहे. अभ्यासक्रम लवचिक हवा असेल तर शिक्षक कायम हवा. पाय रोवल्याशिवाय वळता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. महाविद्यालयाला स्वायत्तता दिली की आधी फी वाढते, असा लोकांचा धसका आहे, आणि तो पोकळ नाही. ज्या मुलीच्या घरात ती पहिलीच पदवीधर होणार आहे, तिच्यासाठी जवळचं स्वस्त महाविद्यालय हाच एक दरवाजा असतो. म्हणून शैक्षणिक स्वातंत्र्य आणि आर्थिक जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. काय शिकवायचं ते पेणने ठरवावं. पैसा सरकारने द्यावा. यात विसंगती नाही. सरकार रस्ता बांधतं म्हणून आपण कुठे जायचं हे सरकार ठरवत नाही.

या मातीने दोन माणसं चार महिन्यांच्या अंतराने दिली. सप्टेंबर १८९५ मध्ये पेण तालुक्यातल्या गागोद्यात विनोबा, आणि जानेवारी १८९६ मध्ये रोह्याच्या घराण्यात चिंतामणराव देशमुख. एकाने आपली प्रमाणपत्रं जाळली आणि १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेला असताना सुरतेला उतरून काशीची वाट धरली. दुसरे १९५६ मध्ये कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. आपण सोयीने एकाला संत म्हणतो, दुसऱ्याला अर्थतज्ज्ञ, आणि दोघांना भिंतीवर टांगतो. पण आजच्या प्रश्नाला दोघंही लागतात. परीक्षेपलीकडे शिक्षण असतं हे विनोबांकडून घ्यायचं, आणि त्याला सार्वजनिक पैशाची भक्कम व्यवस्था लागते हे देशमुखांकडून.

तेव्हा पालकांनी महाविद्यालयात जाऊन ‘तुमच्याकडे नवीन काय आहे’ असं विचारू नये. संगणक दाखवतील. विचारावं, की यंदा तुमच्या शिक्षकांनी स्वतः ठरवलेला एक तरी विषय आहे का? किती शिक्षक पुढच्या वर्षीही इथेच असतील? आणि आमच्या मुलीने या तालुक्याबद्दल असं काय शोधलं, जे आधी कोणाला माहीत नव्हतं? उत्तर नसेल, तर ते महाविद्यालय बुडवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.