बंध तुटला की ऊर्जा मिळते? पाठ केलेल्या एका वाक्याची उलटतपासणी

पीएचडीच्या माझ्या पहिल्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "एटीपीमधून ऊर्जा कशी मिळते?" झोपेतून उठवलं तरी सांगता येईल असं उत्तर होतं. शेवटच्या दोन फॉस्फेटमधला बंध उच्च ऊर्जेचा असतो, तो तुटतो आणि ऊर्जा बाहेर पडते. समोरच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "आणि हायड्रोजनच्या रेणूतला बंध तोडायचा असेल तर?" मी म्हटलं, "ऊर्जा द्यावी लागते." "मग फॉस्फेटसाठी नियम वेगळा आहे का?" पुढची दोन मिनिटं मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत बसले.

त्या वर्षी माझी निवड झाली नाही. या एकाच उत्तरामुळे, असं मी म्हणणार नाही. पण घरी आल्यावर अकरावीची जुनी पुस्तकं काढली आणि खरंच राग आला. स्वतःचा तर आलाच, थोडा पुस्तकांचाही.

तुम्हीही काढून बघा. एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्रात श्वसनाची व्याख्या आहे. पेशीत ऑक्सिडेशन होऊन मोठ्या संयुगांतले कार्बन-कार्बन बंध तुटतात आणि त्यातून बरीच ऊर्जा मिळते, असा तिचा आशय. त्याच इयत्तेच्या रसायनशास्त्रात बंध एन्थाल्पी येते. तिथे हायड्रोजनच्या रेणूतला बंध तोडायला प्रतिमोल ४३५.८ किलोज्यूल *लागतात*. एकाच दप्तरात दोन पुस्तकं आणि दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला. नीटची तयारी करताना आपण दोन्ही पाठ केली, दोन्हींचे मार्क मिळवले, आणि ती एकमेकांशी भांडतायत हे लक्षातही आलं नाही.

रसायनशास्त्राचं म्हणणं बरोबर आहे. बंध तोडणं हे गुळाची ढेप फोडण्यासारखं आहे, जोर आपल्यालाच लावावा लागतो. ऊर्जा मिळते ती नवे बंध तयार होताना. गॅसच्या शेगडीला लायटर लागतो तो याचसाठी. सुरुवातीचे बंध सैल करायचा खर्च कुणीतरी उचलायचा असतो.

आता ग्लुकोज घ्या. त्यात पाच कार्बन-कार्बन बंध आहेत. प्रत्येकी सुमारे ३५० किलोज्यूल धरले तर ते तोडायला जवळपास १७५० किलोज्यूलचा खर्च आहे. तरीही एक मोल ग्लुकोज पूर्ण जळलं की सुमारे २८०० किलोज्यूल हातात पडतात. ते कुठून आले? ऑक्सिजनच्या रेणूतला दुहेरी बंध त्या मानाने कच्चा, ४९८ किलोज्यूलचा. कार्बन डायऑक्साइडमधला प्रत्येक दुहेरी बंध सुमारे ८०० चा. कच्चे बंध देऊन पक्के बंध घेतले, म्हणून फायदा झाला. आणखी एक गंमत बघा. मिथेन जाळलं तर प्रतिमोल ८९० किलोज्यूल मिळतात आणि ऑक्सिजन लागतो २ मोल. ग्लुकोजला ऑक्सिजन लागतो ६ मोल. भागाकार करा: ४४५ आणि ४६७. इंधनं इतकी वेगळी, तरी ऑक्सिजनमागे हिशेब जवळजवळ सारखाच. आपण मात्र सगळं श्रेय ग्लुकोजच्या बंधांना देतो आणि ऑक्सिजनला साखळीच्या टोकाशी इलेक्ट्रॉन झेलायला उभं करतो.

एटीपीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण तिथला शब्दच फसवा आहे. १९४१ मध्ये फ्रिट्झ लिपमन यांनी आपल्या प्रसिद्ध लेखात फॉस्फेटच्या आधी नागमोडी रेघ काढली आणि 'ऊर्जासंपन्न फॉस्फेट बंध' ही भाषा रूढ झाली. त्यांचा रोख होता तो फॉस्फेटचा गट दुसऱ्या रेणूला देण्याच्या क्षमतेवर. रसायनशास्त्रज्ञ 'बंध-ऊर्जा' म्हणतात ते पूर्ण वेगळं. ज्याला दोन्ही अर्थ माहीत आहेत त्याच्यासाठी ती रेघ सोयीची खूण होती. आपल्यापर्यंत ती पोचली ती बंधात दाबून भरलेल्या ऊर्जेचं चित्र होऊन.

खरं काय होतं? एटीपीवर पेशीतल्या पीएचला जवळपास चार ऋण भार दाटीवाटीने बसलेले असतात. हायड्रोलिसिसमध्ये एक बंध तुटतो (खर्च!), पण पाण्याकडून नवा जुळतो, भार एकमेकांपासून दूर जातात, सुट्या फॉस्फेटला रेझोनन्सने जास्त स्थैर्य मिळतं आणि पाणी त्याला नीट वेढतं. या सगळ्याची गोळाबेरीज प्रमाण स्थितीत उणे ३०.५ किलोज्यूल प्रतिमोल. हा आकडा पूर्ण अभिक्रियेचा आहे, एकट्या बंधाचा नाही. तो बंध तुटायला टपलेलाही नसतो. आमच्या लॅबच्या उणे २० च्या फ्रीझरमध्ये एटीपीची नळी महिनोन्‌महिने निवांत पडून असते.

उणे ३०.५ वर थांबू नका, कारण खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. या आकड्यावरून २५ अंशांना समतोल स्थिरांक निघतो सुमारे २ लाख. म्हणजे समतोल साधेपर्यंत जवळपास सगळं एटीपी संपलेलं असतं. उदाहरणादाखल पेशीत एटीपी ५, एडीपी ०.५ आणि फॉस्फेट ५ मिलिमोलर धरा. एडीपी आणि फॉस्फेटच्या गुणाकाराला एटीपीने भागलं की येतात ०.०००५. समतोलापासून हे सुमारे ४० कोटी पट दूर! याच अंतरामुळे पेशीतली मुक्त ऊर्जा उणे ४९ च्या आसपास जाते. समतोल झाला तर तीच शून्य. एटीपी तेच, बंधही तोच, पण त्याच्याकडून काम शून्य. मायटोकॉन्ड्रिया दिवसरात्र खपतात ते हे अंतर टिकवायला.

आणि अनेक एन्झाइम एटीपी नुसतं पाण्यात तोडतही नाहीत. तसं केलं तर फक्त उष्णता मिळेल. हेक्झोकायनेज फॉस्फेट थेट ग्लुकोजच्या हाती देतं.

पुस्तकांना हे माहीत नाही असं नाही. कॅम्पबेलच्या जाडजूड 'बायोलॉजी'त 'उच्च ऊर्जा बंध' हा शब्द दिशाभूल करणारा आहे असं स्पष्ट सांगितलंय. पण ते आठव्या प्रकरणात. अणू आणि बंध असतात दुसऱ्यात. माझी खरी तक्रार या अंतराबद्दल आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकात रसायनशास्त्र सुरुवातीला येतं, इलेक्ट्रॉनच्या कक्षा काढून होतात, आणि प्रत्यक्ष गरज पडते तेव्हा कुणी त्याला हाक मारत नाही. शिक्षकांना काय बोलणार? मीच एमएस्सीला असताना ज्युनियर्सना हेच चुकीचं चित्र फळ्यावर काढून दिलं होतं, नागमोडी रेघेसकट.

सीएसआयआर नेटच्या जीवशास्त्राचं पहिलं युनिट बंध आणि थर्मोडायनॅमिक्सचंच आहे. ते वाचताना श्वसनाचं प्रकरण शेजारी उघडून ठेवा आणि जिथे जिथे 'बंध तुटून ऊर्जा' दिसेल तिथे पेन्सिलीने लिहा: नवे बंध कोणते? दुसऱ्या मुलाखतीला जाण्याआधी मी तेच केलं. माझ्या लेहनिंजरच्या प्रतीत त्या खुणा अजून आहेत. त्यातल्या दोन चुकीच्या निघाल्या, त्यांच्याबद्दल पुढच्या वेळी.