यशयाचे चिन्ह आणि अध्यापकाचे कर्तव्य

‘भविष्यवादी’ या शब्दामुळे बायबलमधील संदेष्टा ज्योतिष्यासारखा भासतो, हे आमच्या मते अध्यापनातील पहिले विघ्न होय. यशयाच्या ७ व्या अध्यायात अराम व इस्राएल यांच्या स्वारीने भयभीत झालेल्या आहाज राजास बालकाच्या जन्माचे चिन्ह दिले आहे. मूळ हिब्रू ‘अल्मा’ म्हणजे तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात तेथे ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारी, हा शब्द योजिला गेला आणि मत्तयाने तोच घेऊन हे वचन ख्रिस्तजन्माशी जोडले. आहाजास गाळून केवळ मत्तय शिकविणारा शिक्षक संदेष्ट्याचा काळ पुसून टाकतो. आहाजापाशीच थांबणारा ख्रिस्ती वाचनाचे मर्म झाकतो. दोन्ही अर्थ क्रमाने शिकविले, तरच विद्यार्थ्याची श्रद्धा व बुद्धी परस्परांच्या वैरी ठरणार नाहीत, असे आम्हांस वाटते.