‘आणि पार्टी’ : शाहिराच्या साथीदारांचा विचार

‘शाहीर साबळे आणि पार्टी’ ही शब्दरचना मराठी श्रोत्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिची घटना तपासून पाहावी असे सहसा कोणास वाटत नाही. ‘आणि’ हे उभयान्वयी अव्यय समान दर्जाची पदे जोडते, असे व्याकरण सांगते. येथे मात्र त्याच्या एका बाजूस विशेषनाम आहे, तर दुसऱ्या बाजूस परभाषेतून आलेले समूहवाचक सामान्यनाम. पहिल्या पदाने एका व्यक्तीचा निर्देश होतो. दुसऱ्याने कोणाचाच होत नाही. याउलट, होनाजी शिलारखाने व बाळा करंजकर यांची आठवण परंपरेने ‘होनाजी-बाळा’ अशा द्वंद्व समासात जपली. तेथे कवन रचणारा आणि ते गाणारा, या दोघांनाही नाव राहिले. समासाकडून ‘आणि पार्टी’कडे येताना साथीदार आपले नाव गमावून बसला, असेच म्हणावे लागते.

भाषेने या साथीदाराची संभावना फारशी बरी केलेली नाही. ‘री ओढणे’ म्हणजे स्वतःची बुद्धी न चालविता दुसऱ्याचेच म्हणणे; ‘तेच तुणतुणे वाजविणे’ म्हणजे कंटाळवाणी पुनरुक्ती. ‘झीलकरी’ हा शब्द राजकीय लेखनात होयबाचा पर्याय होऊन बसला आहे, आणि ‘साथीदार’ तर वृत्तपत्रांत बहुधा गुन्हेगाराचाच असतो. साथीच्या कलेशी निगडित शब्द एकामागून एक निंदाव्यंजक व्हावेत, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही. ‘साथ म्हणजे अनुकरण’ हा समज या सर्व वाक्प्रयोगांच्या मुळाशी आहे.

तो समज कितपत खरा आहे, हे ठरविण्यास जुनी चित्रणे उपयोगी पडतात. वाईजवळच्या पसरणी गावी जन्मलेल्या कृष्णराव साबळे (१९२३–२०१५) यांचे गायन प्रथम ध्वनिमुद्रिकांतून घरोघर पोहोचले. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले, आणि पुढे दूरदर्शनवर शाहिरी दिसूही लागली. ध्वनिमुद्रिकेत झील हा एकजीव नाद असतो. त्यातला कंठ वेगळा काढता येत नाही. चित्रणात मात्र त्या नादाची माणसे होतात. शाहीर मध्यभागी असतो, झीलकरी त्याच्या मागे किंवा बाजूस असतात. कोणाच्या हाती तुणतुणे असते, कोणाच्या हाती झांज. ओळीचे शेवटचे अक्षर पुरते संपण्यापूर्वीच झील ते उचलून धरते आणि तेवढ्या अवधीत शाहीर श्वास घेतो. पोवाड्यातील दीर्घ, चढत्या कथनाची अखंडता एका छातीच्या बळावर टिकत नाही, ही गोष्ट कानापेक्षा डोळ्यास लवकर पटते.

यापुढचा मुद्दा भाषाशास्त्रीय आहे. झिलीतले ‘जी’ हे अक्षर निरर्थक पादपूरण नव्हे. बोलण्यात ‘जी’ हा आदरयुक्त होकार आहे, ऐकणाऱ्याने बोलणाऱ्यास दिलेले उत्तर आहे. त्या दृष्टीने पाहता झीलकरी हा दुय्यम गायक नसून पहिला श्रोता ठरतो. कथा सांगणाऱ्यास हुंकाराची जी गरज असते, ती त्याने तालासुरात भागविलेली असते. सभेचा प्रतिसाद सभेच्या आधी तोच उच्चारतो. शाहिराचे निवेदन त्यामुळेच भाषण न होता संवाद होते.

तथापि चित्रणाची साक्षही पारखूनच घ्यावी लागते. आधी मुद्रित केलेल्या ध्वनीवर दृश्य बेतलेले असेल, तर दिसणारा ढोलकीवाला हा ऐकू येणारा ढोलकीवाला असेलच असे नाही. शिवाय कॅमेऱ्यालाही स्वतःची आवडनिवड असते. समीपदृश्य शाहिराच्या मुद्रेचे घेतले जाते. झील सुरू होते त्या क्षणीही दृष्टी बहुधा त्याच मुद्रेवर खिळलेली असते. परिणामी कलेच्या दृष्टीने जो क्षण साथीदारांचा, तोच दृश्यातून वगळला जातो. साबळे यांच्या लोकनाट्यांतील राजा मयेकर यांच्यासारख्या नटाचे नाव रसिकांच्या ओठी राहिले, ‘महाराष्ट्राची लोकधारा’तून पुढे आलेले भरत जाधव, अंकुश चौधरी हेही नामवंत झाले. नटाला स्वतःचे शब्द असतात, नर्तकाला दर्शनी जागा असते. झीलकऱ्याच्या वाट्याला येतात ते शाहिराचेच शब्द, आणि जागा मागची.

साबळे यांची थोरवी यामुळे उणावत नाही. उलट इतक्या कंठांना एका श्वासात बांधणारा नायक म्हणून ती अधिक स्पष्ट होते. प्रश्न अभ्यासाच्या शिस्तीचा आहे. पोवाड्याची संहिता छापताना झिलीच्या जागा गाळणे म्हणजे नाटकातून एका पात्राची भाषणे गाळण्यासारखेच आहे. चित्रणांच्या सूचीत केवळ मुख्य गायकाची नोंद करणे हीही तशीच चूक होय. चित्रातील चेहरे ओळखू शकणारी माणसे वृद्ध होत चालली आहेत. चित्रफीत जतन होईल, तिची नवी प्रतही निघेल. परंतु तुणतुणे धरलेला तो कोण, हे सांगणारा उरला नाही, तर कोणत्याही प्रतीतून ते नाव परत मिळणार नाही. ‘पार्टी’ या शब्दाच्या जागी माणसांची नावे लिहिण्याचे काम म्हणूनच आज, विचारता येईल अशी माणसे आहेत तोवरच, झाले पाहिजे.