नवी आवृत्ती, जुनी सवय : डेस्कटॉप ऑपरेटिंग सिस्टीमच्या अपग्रेडनंतरच्या असंतोषाची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती आली की वापरकर्त्यांमध्ये नाराजीचा सूर उमटतो आणि त्याला बहुधा एकच उत्तर मिळते : माणसाला बदल नको असतो, चार दिवसांत सवय होईल. हे उत्तर निर्मात्यांना सोयीचे आहे. त्यामुळे नव्या रचनेतील दोष तपासण्याची गरज उरत नाही, कारण दोष वापरणाऱ्याच्या स्वभावात आहे असे गृहीत धरले जाते. परंतु गेल्या पंचवीस वर्षांतील काही ठळक अपग्रेड तपासून पाहिल्यास हे गृहीतक टिकत नाही. वापरकर्त्यांनी अनेक मोठे बदल विनातक्रार स्वीकारले आहेत आणि काही लहान बदल मात्र वर्षानुवर्षे नाकारले आहेत. हा भेद कशामुळे पडतो, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. स्टार्ट मेनूची कथा

ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’ हे बटण आणले. पुढील सतरा वर्षे जगभरातील कोट्यवधी लोकांच्या संगणकीय कामाचा आरंभ त्या कोपऱ्यापासून होत राहिला. या काळात मेनूचे रूप बदलले नाही असे नाही. २००१ मधील विंडोज एक्सपीने त्याची दोन रकान्यांची नवी मांडणी केली, रंगसंगतीही बदलली. मात्र ज्याला जुनी मांडणी हवी त्याच्यासाठी ‘क्लासिक’ मेनूचा पर्याय ठेवला. २००७ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या व्हिस्टामध्येही तो पर्याय होता. २००९ च्या विंडोज ७ मध्ये तो काढण्यात आला आणि त्याच वर्षी ‘क्लासिक शेल’ नावाचा, जुना मेनू परत देणारा एक मोफत प्रोग्रॅम अवतरला, ही बाब बोलकी आहे.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या विंडोज ८ ने मेनूबरोबर बटणही हटवले. त्याच्या जागी रंगीत चौकोनांनी भरलेला पूर्ण पडदा आला. टॅब्लेटच्या वाढत्या प्रसाराला तोंड देण्यासाठी बोटाने चालवता येईल अशी एकच रचना लहानमोठ्या सर्व उपकरणांवर असावी, हा त्यामागील विचार होता. वापराच्या नोंदींवरून स्टार्ट मेनूचा उपयोग कमी होत चालल्याचे समर्थनही कंपनीच्या बाजूने मांडले गेले. लोक नेहमीचे प्रोग्रॅम खालच्या पट्टीवर अडकवून ठेवतात, तेव्हा मेनूची गरज उरली नाही, असा तो युक्तिवाद होता.

या युक्तिवादातील उणीव संख्येच्या अर्थनिर्णयनात आहे. घरातील जिना दिवसातून किती वेळा वापरला जातो यावरून त्याची आवश्यकता ठरत नाही. रोजची चार कामे पट्टीवरून होत असली तरी महिन्यातून एकदा लागणारे पाचवे काम मेनूतूनच सापडते आणि सापडेल याची खात्री वापरणाऱ्याला तेथूनच मिळते. नोंदवहीत कृतींची मोजदाद होते; खात्रीची होत नाही.

प्रत्यक्षात काय घडले? संगणक बंद करण्यासाठी माऊस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, तेथून निघणाऱ्या पट्टीतील ‘सेटिंग्ज’ उघडायचे आणि मग ‘पॉवर’ शोधायचे, असा प्रवास सुरू झाला. कोपऱ्यात काही दडले आहे याची पडद्यावर खूण नव्हती. डेस्कटॉपवर काम करताना छायाचित्र उघडले की ते संपूर्ण पडदा व्यापणाऱ्या वेगळ्याच जगात उघडे आणि परत कसे यावे हे उमगत नसे. संगणक-वापराच्या सुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये बारा अनुभवी वापरकर्त्यांच्या चाचणीवरून या रचनेवर कठोर टीका केली. नवख्यांना आणि जाणकारांना, दोघांनाही ती निराश करते, असा त्यांचा निर्वाळा होता. दोन भिन्न वातावरणांची एकत्र मोट आणि दडवलेल्या आज्ञा हे त्यांच्या आक्षेपांतील प्रमुख मुद्दे होते.

ऑक्टोबर २०१३ मध्ये विंडोज ८.१ ने बटण परत आणले, पण ते दाबल्यावर पुन्हा तोच पूर्ण पडदा उघडे. एप्रिल २०१४ च्या सुधारणेत संगणक बंद करण्याची कळ त्या पडद्यावर दिसू लागली. अखेरीस २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० मध्ये मेनू परतला. तो जसाच्या तसा नव्हता. रंगीत चौकोन त्याच्या कुशीत सामावून घेतले होते. लोकांनी तो स्वीकारला. म्हणजे चौकोनांना विरोध नव्हता. विरोध होता तो जुनी वाट बुजवण्याला.

२. सवय : अडथळा की भांडवल?

सवयीकडे केवळ जडत्व म्हणून पाहणे हे प्रस्तुत विषयातील मूळ वैचारिक गफलत म्हणावी लागेल. ॲपलच्या मॅकिंटॉश प्रकल्पाचा आरंभ करणारे जेफ रास्किन यांनी ‘द ह्यूमेन इंटरफेस’ (२०००) या ग्रंथात सवय लागणे हा मानवी मनाचा अटळ धर्म मानला आहे. चांगल्या रचनेने त्याच्याशी झगडू नये, तर त्याचा आधार घ्यावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हात आपोआप योग्य जागी जातो तेव्हाच मन मूळ कामाकडे, म्हणजे लिहिण्याकडे, हिशेबाकडे, आकृतीकडे लागू शकते. जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्ये ‘सक्रिय वापरकर्त्याचा विरोधाभास’ मांडला. त्यांच्या मते वापरकर्त्याला यंत्र शिकायचे नसते, काम उरकायचे असते. म्हणून नवी पद्धत पुढे वेळ वाचवणारी असली तरी आज ती शिकण्यासाठी तो थांबत नाही.

या दोन विचारांच्या प्रकाशात पाहिल्यास सवय हे वापरकर्त्याने स्वतःच्या वेळेतून उभे केलेले भांडवल ठरते. ऑपरेटिंग सिस्टीमची किंमत एकदाच मोजली जाते. ती हाताच्या अंगवळणी पडावी म्हणून दिलेले तास कोणत्याही पावतीवर नसतात. नवी आवृत्ती जुनी वाट बंद करते तेव्हा हे भांडवल एका रात्रीत शून्यावर येते. तक्रारीतील चीड या नुकसानाची असते. ज्येष्ठ प्राध्यापक, कार्यालयातील लिपिक, दुकानाचा हिशेब ठेवणारा अशा, संगणक हे ज्यांचे साधन आहे पण छंद नाही, त्यांना हे नुकसान अधिक जाणवते. त्यांना ‘मागास’ म्हणणे म्हणजे ज्याचे नुकसान झाले त्यालाच दोषी धरणे होय.

३. मुक्त सॉफ्टवेअरही अपवाद नाही

हा प्रश्न केवळ नफेखोर कंपनीचा आहे असे समजणेही चुकीचे ठरेल. लिनक्सवरील जीनोम हे डेस्कटॉप स्वयंसेवकांच्या सहभागातून घडलेले. एप्रिल २०११ मध्ये आलेल्या जीनोम ३ ने परिचित मेनू आणि खालची पट्टी दूर सारली, खिडकी लहान-मोठी करण्याची बटणेही पूर्वनियोजित मांडणीतून वगळली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षी जाहीर नापसंती दर्शवून एक्सएफसीई या साध्या डेस्कटॉपचा आश्रय घेतला. यंत्राच्या अंतरंगाची इतकी जाण असलेल्या माणसाला ‘बदलाला घाबरणारा’ म्हणता येत नाही.

तथापि येथे असंतोषाची परिणती निराळी झाली. आज्ञावली खुली असल्यामुळे नाराज मंडळींनी जीनोम २ ची परंपरा ‘माते’ या नावाने पुढे चालू ठेवली, तर लिनक्स मिंटच्या चमूने नव्या तंत्रावर जुन्या वळणाचा ‘सिनेमन’ उभा केला. जीनोमनेही मार्च २०१३ च्या ३.८ या आवृत्तीत ‘क्लासिक’ पद्धत उपलब्ध करून दिली. बंदिस्त प्रणालीत वापरकर्त्याला जुने ठिगळ लावून घ्यावे लागले. खुल्या प्रणालीत त्याला दुसरे घर बांधता आले. दोन्हीकडे मागणी मात्र एकच होती.

४. संमतीचा प्रश्न

विंडोज १० ने मेनू परत दिला, पण दुसराच वाद ओढवून घेतला. विंडोज ७ आणि ८.१ च्या वापरकर्त्यांना पहिले वर्षभर हे अपग्रेड विनामूल्य होते. त्याची सूचना पडद्यावर वारंवार येत असे. २०१६ च्या वसंतात या सूचनेच्या चौकटीवरील लाल फुली दाबली तरी ठरलेले अपग्रेड रद्द होत नव्हते. फुली म्हणजे ‘नको’ हा अर्थ विंडोजनेच लोकांच्या मनावर वर्षानुवर्षे बिंबवला होता. येथे तीच खूण होकार म्हणून वाचली गेली. तीव्र टीकेनंतर जूनअखेर कंपनीने ही पद्धत बदलण्याचे जाहीर केले. कॅलिफोर्नियातील एका व्यावसायिक महिलेला, अपग्रेडनंतर संगणक निकामी झाल्याच्या दाव्यात, १०,००० डॉलर मिळाल्याचेही याच सुमारास प्रसिद्ध झाले. मांडणी आवडली की नाही हा प्रश्न येथे गौण ठरतो. ‘कधी’ आणि ‘होय की नाही’ हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पुढे येतो.

५. प्रतिपक्षाचा विचार

निर्मात्यांच्या बाजूने दोन मुद्दे गांभीर्याने घ्यावे लागतात. पहिला पर्यायांच्या किमतीचा. जीनोमच्या विकासात सहभागी असलेले हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२ मध्येच दाखवून दिले की, प्रत्येक जादा पर्याय तपासावा लागतो, सांभाळावा लागतो आणि त्यांची गर्दी वापरणाऱ्यालाच गोंधळात टाकते. हे खरे आहे. परंतु यातून क्वचित लागणारी शेकडो कळफलके कमी करण्याचे समर्थन होते, सर्वांच्या रोजच्या वहिवाटीची एकमेव वाट बंद करण्याचे नाही.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले, विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्याने दुरुस्त्या न केलेल्या संगणकांची काय गत होते हे दाखवून दिले. तेव्हा अपग्रेड टाळणे ही निरुपद्रवी आवड नव्हे. पण नेमके याच कारणास्तव सुरक्षेची दुरुस्ती आणि मांडणीतील हौशी बदल एकाच गाठोड्यात बांधणे घातक ठरते. पट्टी हलेल, मेनू हरवेल, जुना छपाईयंत्राचा दुवा तुटेल या धास्तीने माणूस आवश्यक दुरुस्तीही लांबणीवर टाकतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने हीच गाठ पुन्हा बांधली. टीपीएम २.० या सुरक्षा-घटकाची अट आणि पडद्याच्या कडेला न हलवता येणारी टास्कबार ही एकाच वेळी हाती पडली. पहिल्याचे कारण सांगता येत होते. दुसऱ्याचे पटवून देणे कठीण होते. खिडक्या नावांनिशी वेगवेगळ्या दाखवण्याची सोय २०२३ मध्ये परत द्यावी लागली, हे त्याचेच द्योतक आहे.

६. मराठी वापरकर्त्याचे एक उदाहरण

बदल कसा स्वीकारला जातो याचे अनुकूल उदाहरण मराठीपुरते पाहता येईल. विंडोजवर देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट हा प्रमाणित कळफलक फार पूर्वीपासून आहे. ज्यांनी तो शिकून घेतला त्यांची बोटे त्यावर बसली. ज्यांनी शिकला नाही ते उच्चारानुसार रोमन अक्षरांतून टंकन करणारी इतर साधने वापरत राहिले. विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीने मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी उच्चारानुसारी कळफलक आणले, आणि इनस्क्रिप्ट होता तेथेच राहिला. नवख्याला सोपी वाट मिळाली, जुन्याची वाट मोडली नाही. ही घटना गाजली नाही, कारण तिने कोणाचे काही हिरावून घेतले नव्हते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की अपग्रेडनंतरचा असंतोष हा नवतेविरुद्धचा आक्रोश नसून संपादित कौशल्याच्या आणि निवडीच्या रक्षणाची मागणी आहे. एक्सपीचा क्लासिक मेनू, जीनोमची क्लासिक पद्धत आणि देवनागरीचे दोन कळफलक यांतून एकच सूत्र हाती लागते : नवे द्यावे, जुने काही काळ राहू द्यावे आणि कोणते केव्हा सोडायचे हे वापरणाऱ्याला ठरवू द्यावे. सुरक्षेच्या दुरुस्त्या तातडीने पोहोचाव्यात. परंतु त्यांच्या आडून मांडणी लादली जाऊ नये. शैक्षणिक संस्थांच्या दृष्टीने याला विशेष महत्त्व आहे. प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर नवी आवृत्ती चढवण्याचा निर्णय खर्च आणि यंत्रांची क्षमता पाहून घेतला जातो. अध्यापक, लिपिक व विद्यार्थी यांना पुन्हा शिकण्यासाठी लागणारे तास हाही त्या खर्चाचाच भाग धरला गेला, तर पुष्कळसा असंतोष उद्भवण्यापूर्वीच निवळू शकेल.