यंदा सगळं हलकंफुलकं!

आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या सेक्रेटरींनी यंदाच्या मोसमाचं पत्रक माझ्या काउंटरवर ठेवलं, तेव्हा समोर पेन्शनवाल्यांची रांग होती.

"साहेब, स्मरणिकेसाठी परीक्षण पाहिजे. दोन शब्द लिहा, पण चांगले लिहा."

प्रयोगाआधी परीक्षण म्हणजे कर्ज देण्याआधीच वसुली! पण सेक्रेटरींची मुदतठेव आमच्याच शाखेत आहे. तेव्हा मुकाट्यानं चार तालमींना जाऊन बसलो.

पत्रकावर तीन नाटकं आहेत: 'संशयकल्लोळ', 'मोरूची मावशी' आणि 'ती फुलराणी'. खाली ठळक अक्षरांत, 'यंदा सगळं हलकंफुलकं!' त्याचं असं झालं, की गेल्या वर्षी मंडळानं शोकांतिका केली. प्रेक्षक इतके शांत बसले, की सेक्रेटरी गहिवरले. पडदा पडल्यावर कळलं, निम्मी मंडळी झोपली होती.

माझा पहिला आक्षेप या 'हलकंफुलकं' शब्दालाच आहे. शोकांतिका हा उधारीचा व्यवहार. प्रेक्षक गप्प बसला, तर तो भारावला असं खात्यात मांडता येतं. विनोदी नाटक रोखीचं असतं. वाक्य पडलं की हशा तिथल्या तिथे गल्ल्यात आला पाहिजे. नाही आला, तर तूट! रोज संध्याकाळी कॅश जुळवणारा माणूस याला हलकं काम म्हणणार नाही.

आता 'संशयकल्लोळ'. मोलिएरच्या फ्रेंच नाटकावरून आर्थर मर्फीनं इंग्रजी नाटक केलं आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी आधी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिलं. पदं घालून त्याचं 'संशयकल्लोळ' झालं ते १९१६ साली. म्हणजे पदांना कात्री लावली, तरी नाटक आपल्या पायांवर उभं राहू शकतं. आमच्या मंडळानं कात्री लावली, पण गद्याला! कारण पेटीवाले मंडळाचे मोठे देणगीदार आहेत. संशय हा जिना आहे. नवऱ्यानं रस्त्यात घेरी आलेल्या बाईला सावरलं, ते बायकोनं पाहिलं. बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर आली, ती नवऱ्यानं पाहिली. यातली एक पायरी काढली, की फाल्गुनराव आपटतो आणि प्रेक्षकाला संशय येतो तो फक्त दिग्दर्शकाचा.

'ती फुलराणी'चं दुखणं वेगळं आहे. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. लं.नी हे नाटक केलं, ते १९७५ साली रंगभूमीवर आलं आणि भक्ती बर्व्यांनी मंजुळा अशी काही उभी केली, की पुढे शाळाशाळांतल्या स्पर्धांमधून तिचं ते भाषण घुमत राहिलं. आमची मंजुळाही गुणी पोरगी आहे. घरी फक्कड आगरी बोलते. तालमीत मात्र दिग्दर्शक तिला सांगतात, "इथे भक्तीताई अशी मान उडवायच्या, तू तशीच उडव." फुलवालीला दुसऱ्याची भाषा पढवणाऱ्या प्रोफेसराची ज्या नाटकानं टोपी उडवली, त्याच्याच तालमीत एका मुलीला दुसरीची मान पढवताहेत! शॉसाहेबांना दाढीतल्या दाढीत हसू आलं असतं.

राहता राहिली मावशी. इंग्लंडात १८९२ साली आलेलं 'चार्लीज आँट' अत्र्यांनी १९४७ मध्ये मराठीत आणलं. घरात वडीलधारी बाई असल्याशिवाय मुली यायच्या नाहीत, म्हणून मित्रालाच लुगडं नेसवायचं! पुढे विजय चव्हाणांनी ही मावशी इतकी गाजवली, की नंतरचा प्रत्येक मावशीवाला त्यांचंच लुगडं नेसून येतो. आमचा मावशीवाला लूमच्या कारखान्यात हिशेब लिहितो. बिचारा मोबाइलवर चव्हाणांचा प्रयोग लावून एकेक ठुमका घोटत होता. मी घड्याळाकडे पाहत होतो.

तिसऱ्या तालमीला मोबाइलची बॅटरी संपली. पोरगा गांगरला. मग एकदम पदर खोचून, कमरेवर हात ठेवून, नळावर भांडणाऱ्या कुणा बाईच्या थाटात त्यानं मोरूला असं काही झापलं, की पेटीवालेही हसले. त्यांना हसताना मंडळात आजवर कुणी पाहिलेलं नाही. मी विचारलं, "हे कुठून आणलंस रे?" तर लाजून म्हणाला, "साहेब, माझी सख्खी मावशी. पण हे नाटकात चालेल का?"

वास्तविक भिवंडीकराला हा प्रश्न पडूच नये. आपल्या गावात सूत बाहेरून येतं. कापड मात्र इथल्या मागावर विणतात. देवल, अत्रे, पु. ल. यांनी तरी दुसरं काय केलं? सूत फ्रान्स-इंग्लंडचं, विणकाम मराठी. आणि आम्ही, विणकरांच्या गावची माणसं, तयार कापड आणून त्यावर आपला शिक्का मारतो!

हे सगळं एवढं मनाला लावून घ्यायचं कारण एकच. नाटक पाहायला ठाण्याला गडकरी रंगायतनला निघावं, तर पहिला अंक कशेळीच्या पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये होतो, आणि चौघांच्या कुटुंबाला तिकीट-रिक्षा-वडा धरून जो खर्च येतो, तो सांगून मी स्मरणिकेच्या वाचकांना रडवणार नाही. गावातल्या कित्येक पोरांचं पहिलं नाटक आमच्या मंडळाचंच असतं. त्या दिवशी ती कंटाळली, तर हे खातं कायमचं बंद. तेव्हा मंजुळेला तिची मान परत द्या, फाल्गुनरावाला जिना परत द्या आणि मावशीला, कृपा करून, मोबाइल चार्ज करू देऊ नका.

सेक्रेटरींनी हे सगळं काउंटरपाशी उभं राहूनच वाचलं. रांगेतल्या आजोबांनी दोनदा खाकरून पाहिलं. शेवटी कागदाची घडी घालत ते म्हणाले, "छान आहे साहेब. फक्त जरा हलकंफुलकं करता आलं तर बघा."