गव्हाणीचा शब्द आणि गव्हाणीचा देखावा

ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचा प्रारंभ असीसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी केला, हे विधान सर्वत्र आढळते. २०२३ साली त्या घटनेला आठशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा त्याची नव्याने उजळणीही झाली. परंपरेला एक जनक, एक स्थळ आणि एक तिथी मिळाली की जिज्ञासा शांत होते. परंतु जिज्ञासा शांत होणे आणि प्रश्न सुटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, हा देखावा मुळात एका शब्दाच्या वाचनातून घडला. ग्रेच्चो हा त्या वाचनाच्या इतिहासातील महत्त्वाचा, पण मधला टप्पा होय.

प्रथम मूळ संहिता पाहू. लूकच्या शुभवर्तमानात मरिया नवजात बालकाला गुंडाळून गव्हाणीत ठेवते, कारण उतरण्याच्या ठिकाणी त्यांना जागा मिळालेली नसते. पुढे मेंढपाळ येतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडील ज्ञानी पुरुष येतात, पण ते एका घरात. त्यांची संख्याही दिलेली नाही. भेटी तीन, म्हणून भेट देणारे तीन, हा उत्तरकालीन हिशेब होय. देखाव्यात मात्र मेंढपाळ आणि ज्ञानी पुरुष एकाच छपराखाली उभे असतात. याहून लक्षणीय गोष्ट अशी की, ज्यांच्यावाचून हा देखावा पुरा वाटत नाही ते बैल आणि गाढव या दोन्ही कथनांत कोठेही नाहीत.

मग ते आले कोठून? लूकने गव्हाणीसाठी ग्रीक 'फात्ने' हा शब्द योजला आहे. जुन्या कराराच्या सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात यशयाच्या पहिल्याच अध्यायात हाच शब्द येतो. बैल आपल्या धन्याला व गाढव धन्याच्या गव्हाणीला ओळखते, इस्राएल मात्र ओळखत नाही, असा तेथे आशय आहे. दोन्ही ग्रंथ ग्रीकमधून वाचणाऱ्याला एका गव्हाणीवरून दुसरी आठवणे स्वाभाविक होते. लॅटिनमध्येही 'प्राएसेपे' या शब्दाने हा दुवा टिकून राहिला.

दुसरा आधार हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायाचा. तेथे हिब्रू पाठाचा रोख 'वर्षांच्या मध्ये' असा आहे. ग्रीक भाषांतरात त्याचे 'दोन प्राण्यांच्या मध्ये' झाले. प्राचीन हिब्रू लेखनात स्वरचिन्हे नसल्यामुळे 'वर्षे' आणि 'दोन' हे शब्द अक्षरांनी सारखेच दिसतात. जेरोमने आपल्या लॅटिन भाषांतरात हिब्रूला अनुसरून 'वर्षे' असाच अर्थ घेतला. तथापि जुन्या लॅटिन पाठातील दोन प्राणी उपासनेच्या भाषेतून हटले नाहीत. पुढे 'छद्म-मत्तय' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लॅटिन ग्रंथाने ही दोन्ही वचने एकत्र आणून बैल व गाढव यांना कथेतच स्थान दिले. शिल्पाने मात्र या ग्रंथाची वाट पाहिली नव्हती. मिलानच्या संत अंब्रोज चर्चमधील चौथ्या शतकाच्या अखेरच्या शवपेटिकेवर गुंडाळलेले बालक बैल आणि गाढव यांच्यामध्ये दाखविले आहे. तेथे मरिया नाही, योसेफही नाही. देखाव्यात पशू आधी स्थिरावले, मातापिता मागाहून.

येथे एका अप्रिय बाबीचा निर्देश करणे प्राप्त आहे. यशयाचे वचन ही एका संदेष्ट्याने स्वजनांना दिलेली समज होती. ख्रिस्ती भाष्यकारांच्या हाती ती दुसऱ्या समाजाला लावलेला बोल ठरली. तिसऱ्या शतकात ओरिजेनने बैलाला शुद्ध व गाढवाला अशुद्ध पशू म्हणून त्यांचे रूपक मांडले; पुढील भाष्यांत बैल म्हणजे नियमशास्त्राचे जू वाहणारे यहुदी आणि गाढव म्हणजे अन्य राष्ट्रे, असा अर्थ रूढ झाला. पशूंनी ओळखले, पण त्या लोकांनी ओळखले नाही, हा ठपका गव्हाणीच्या उबेत दडलेला आहे. यामुळे देखाव्याचे सौंदर्य नाहीसे होत नाही; परंतु त्याला केवळ निरागस लोककला म्हणणेही शक्य राहत नाही.

आता ग्रेच्चोकडे वळू. फ्रान्सिसचा पहिला चरित्रकार चेलानोचा थॉमस याने १२२८-२९ च्या सुमारास केलेले वर्णन बारकाईने वाचले पाहिजे. गव्हाणी सिद्ध केली, गवत आणले, बैल व गाढव आणले, गव्हाणीवर मिस्सा अर्पण झाला आणि फ्रान्सिसने शुभवर्तमान गाऊन प्रवचन केले, एवढेच तो सांगतो. मरियेची वा योसेफाची भूमिका कोणी केली नाही; बालकाची मूर्तीही नव्हती. उपस्थितांपैकी एका सत्पुरुषाला गव्हाणीत बालक दिसले ते दर्शनात. म्हणजे फ्रान्सिसने जे मांडले ते लूकचे कथन नसून यशयाचे वचन होते, आणि गव्हाणी त्याने रिकामी ठेवली होती. शिवाय ही कल्पना पूर्वपीठिकेवाचूनची नव्हती. रोममधील सांता मारिया माज्जोरे हे चर्च सातव्या शतकातच गव्हाणीच्या नावाने ओळखले जाई, आणि मेंढपाळांचे नाट्यविधीही युरोपातील चर्चमध्ये फ्रान्सिसच्या आधीपासून होत होते.

मग फ्रान्सिसचे श्रेय कोणते? त्याने बेथलेहेम दूरच्या भूमीतून काढून डोंगरातल्या खेड्यात आणले. ग्रेच्चो जणू नवे बेथलेहेम झाले, असे थॉमस म्हणतो. पुढची परंपरा याच सूत्राने वाढली. १२९१ च्या सुमारास आर्नोल्फो दि कांबियो याने सांता मारिया माज्जोरेसाठी संगमरवरी मूर्ती घडविल्या आणि रिकामी जागा भरली. अठराव्या शतकात नेपल्सच्या देखाव्यांत खानावळी व फेरीवाले शिरले. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्च बंद पडल्यावर प्रोव्हान्समध्ये घरगुती देखाव्यासाठी मातीच्या छोट्या मूर्ती होऊ लागल्या; त्यांना 'सांतों', म्हणजे 'लहान संत', म्हणतात. त्यांत गिरणीवाला आणि कोळीणही असते.

शब्दांनीही आपापली वाट धरली. लॅटिन 'प्राएसेपे'चा मूलार्थ कुंपण घातलेली जागा; त्यातून गोठा आणि गव्हाणी हे दोन्ही अर्थ निघाले. इटालियन 'प्रेसेपे' व पोर्तुगीज 'प्रेझेपियु' हे शब्द आज मुख्यतः देखाव्याचेच वाचक आहेत. जर्मन 'क्रिप्पे' म्हणजे गव्हाणी. त्याच कुळातील फ्रेंच 'क्रेश' देखाव्याचे नाव झाला, एकोणिसाव्या शतकात पाळणाघराचेही, आणि त्या दुसऱ्या अर्थाने आपल्या शहरांतही पोहोचला. गोव्यात पोर्तुगीज अमलाबरोबर ही प्रथा आली, पण कोकणी बोलणाऱ्यांनी देखाव्याला 'गोठो' म्हटले. त्यांनी पात्राऐवजी वास्तू निवडली. मराठी बायबलातील 'गव्हाणी' या शब्दात तर गाय आरंभीच उभी आहे. लूकने जे सांगितले नाही ते मराठी वाचकाला शब्दच सुचवितो.

यावर असा आक्षेप संभवतो की, देखाव्यापुढे हात जोडणाऱ्याला यशया आणि हबक्कूक ठाऊक नसतात. त्याच्या लेखी बैल व गाढव हे बाळाला ऊब देणारे मुके जीव होत. हे खरे आहे आणि भाविकाला ते पुरेसेही आहे. अभ्यासकाला मात्र ते पुरत नाही. ग्रेच्चोपासून आरंभ मानल्यास हे दोन पशू केवळ सजावट ठरतात. शब्दापासून आरंभ मानल्यास ते भाष्य ठरतात, आणि त्या भाष्यातील भक्ती व कटुता या दोहोंचा हिशेब द्यावा लागतो. लोकपरंपरेचा उगम शोधताना जनकाचे नाव विचारण्यापूर्वी, तिने कोणते वचन कोणत्या भाषेत वाचले हे विचारणे अधिक फलदायी होय.